वन्सं, तुमचं ते तिरकं रान

वन्सं,

भेटायला येणाऱ्या बायका तुमच्याबद्दल एकच वाक्य बोलून जातात. "गरीब होती हो बिचारी, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही." मी मान हलवते, चहाची कपबशी पुढं सरकवते. पण आतून मला राग येतो. गरीब? तुम्ही? या घरात माझ्याशी तुमच्याइतकं कुणीच भांडलं नाही. सासूबाईसुद्धा नाहीत. भाकरी किती पातळ थापायची इथपासून पृथ्वी स्वतःभोवती फिरते तर विहिरीतलं पाणी सांडत कसं नाही इथपर्यंत आपण भांडलोय. आता घरात सगळे माझ्याशी जपून बोलतात. मला ते सहन होत नाही.

म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही घोटून घेतलेलं अक्षर आहे, बरं-वाईट तुम्हीच बघा.

थेरगावाहून निघोज्याला माहेरी परत आलात तेव्हा तुमच्याबरोबर एक ट्रंक होती आणि तोंडात शब्द नव्हता. पावणे, तुमचे मालक, जाऊन वर्षही झालं नव्हतं. तुमच्या वाट्याचं रान तिकडं दीर कसत होते, दौलतराव. अर्धं पीक पोचवायचं असं ठरलं होतं, आणि दर सुगीला काहीतरी कारण निघून ते पाव होत होतं. यांनी, म्हणजे तुमच्या दादांनी, कधी विचारलं नाही. "बहीण घरी आहे, दोन घास खाते, वाद कशाला," एवढंच म्हणायचे. तुम्ही मात्र एक दिवस चाकणच्या बाजाराला कांद्याच्या गाडीतून गेलात आणि येताना भूमितीचं जुनं पुस्तक घेऊन आलात. सातवीच्या फायनलच्या परीक्षेला बसायचं, मास्तरीण व्हायचं. शाळेतल्या गुरुजींनी सांगितलं होतं की बायकांनी भूमितीच्या वाटेला जाऊ नये, शिवण घ्यावं. मला वाटतं, त्यांनी तसं म्हटलं नसतं तर तुम्ही शिवणच घेतलं असतं.

त्याच दिवसांत दौलतरावांचा सांगावा आला. तुमचं रान सडकेला लागून, चांगलं सरळ चौकोनी, आणि त्यांच्या विहिरीला खेटून होतं. ते मला द्या, म्हणाले, त्याच्या बदल्यात ओढ्याकाठचं घ्या. ओढ्याकाठच्या रानालाही सडकेची बाजू तेवढीच, मागची बाजू तेवढीच, दोन्ही बांधही तेवढेच. दोर लावून बघा, पाहिजे तर पंचांसमोर लावा. दोन्ही रानं एकाच मोठ्या तुकड्यातून घरच्या घरी वाटलेली, सरकारी मोजणी कधी झालेली नव्हती. वाटणीच्या वेळी तिकडचे बांध तिरके पडले होते, एवढाच काय तो फरक.

हे खूश झाले. "चारी बाजू सारख्या, वर ओढ्याचं पाणी. घेऊन टाक सगुणा, मिटू दे एकदाचं."

तुम्ही चुलीपुढची राख बोटानं सारखी केलीत, तिच्यावर दोन आकृत्या काढल्यात आणि म्हणालात, "दादा, रान कमी आहे."

मला तेव्हा तुमचं बोलणं पटलं नाही, हे तुम्हाला चांगलं आठवत असेल. मी म्हटलं, चारही बाजू तेवढ्याच, मग आतली जागा कमी कशी होईल? तुम्ही गोठ्यातून कडब्याची चार धाटं आणलीत, दोन लांब, दोन आखूड, आणि कोपऱ्यात बाभळीचे काटे टोचून चौकट केलीत. सरळ उभी धरलीत. "हा आयत." मग वरची बाजू हलकेच एकीकडं ढकललीत. चौकट कलली. "हा समांतरभुज चौकोन. समोरासमोरच्या बाजू अजून सारख्या, अजून समांतर. धाटं तीच. आणखी ढकलू?" ढकलत ढकलत तुम्ही ती चौकट इतकी आडवी केलीत की वरचं धाट खालच्या धाटावर येऊन टेकलं. मध्ये बोट शिरायला जागा उरली नाही.

"बाजू कमी झाल्या का, वहिनी?"

"नाही."

"मग जागा कुठं गेली?"

मी जास्तच अडून बसले. तुम्ही पुस्तकातलं वाक्य म्हणून दाखवलंत, पाया गुणिले उंची. मी म्हटलं, रानाला उंची कुठली आली? रान म्हणजे काय भिंत आहे? तुमचं ते पुस्तक थेरगावच्या पंचांना वाचून दाखवा, हसून लोळतील.

तुम्ही धाटं चुलीत घातलीत आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी रानात धसकटं वेचत होते. ज्वारी काढून झाली होती. तुम्ही बांधावर येऊन उभ्या राहिलात आणि तिथूनच ओरडलात, "वहिनी, ओळी! पाभरीच्या ओळी!" मला वाटलं, साप निघाला.

तुम्ही जवळ आलात, तुम्हाला धाप लागली होती. "सडकेला धरून पेरलं की प्रत्येक ओळ तेवढीच लांब, दोन्ही रानांत. पण ओळी किती बसतील? पाभर तिरकी सरकत नाही, एका ओळीपासून दुसरी ओळ सरळच मोजायची. कललेल्या रानात ओळी कमी बसणार. तीच उंची. समजलं?"

समजलं. एका झटक्यात समजलं, वन्सं. जन्मभर पेरलं होतं मी.

थेरगावला आपण तिघं गेलो. चाकणहून भोसरीपर्यंत मोटार, पुढं पायपीट, शेवटी चिंचवडच्या बाजूनं पवनेचा उतार. पाण्यातून चालताना तुम्ही लुगड्याचा ओचा एका हातानं धरला होता आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट. हे पुढं चालले होते आणि वाटभर एकच सांगत होते, "तू बोलू नकोस. मी बोलतो. बाईमाणसानं पंचांपुढं बोललेलं तिकडं चालत नाही."

हे बोलले. काय बोलले ते मला अजून कळलेलं नाही. सुरुवात केली "रानाचं असं आहे" अशी, आणि पाहुणेपणावर घसरले. दौलतराव सडकेच्या कडेला उभे होते, खांद्यावर कुदळ. पाटील म्हातारे, चिंचेखाली घोंगडीवर बसलेले. बाकीचे पंच दोर लावून आले होते. आडव्या बाजू आठ आठ दोर, बांध पाच पाच दोर. दोन्ही रानांचं माप एक.

"झालं तर मग," पाटील म्हणाले. "बाईचा अंगठा घ्या."

"मला सही येते," तुम्ही म्हणालात. "पण सही करणार नाही. रान कमी आहे."

दौलतराव हसले, मोठ्यानं नाही, नाकातून. "दोर खोटं बोलतो व्हय, वैनी?"

"दोर खरं बोलतो. तुम्ही त्याला तिरकं चालवलंत. पाटील, दोन्ही रानांत औंदा भाऊजींनीच पेरलंय, एकाच पाभरीनं. धसकटं उभी आहेत. ओळी मोजा."

तुम्ही सडक सोडून रानाकडं वळलात तसे दौलतराव बांधावर आडवे आले. त्यांचं ते वाक्य मी झोपेतही ऐकलंय कितीदा तरी. "ह्या बांधावर पाय ठेवशील तर पाय राहायचा न्हाई." कुदळ खांद्यावरून खाली आली होती. हे "अहो, अहो" करत पुढं झाले आणि मध्येच थांबले. मी तुमच्या पदराला हात घातला. तुम्ही तो सोडवून घेतलात, अगदी हळू, लहान मुलाची बोटं सोडवावीत तसा, आणि बांधावर पाय ठेवलात. नुसता ठेवला नाहीत. ठेवून तिथंच उभ्या राहिलात, कुदळीच्या पात्यापासून वीतभर अंतरावर, आणि त्यांच्याकडं न बघता पाटलांकडं बघत म्हणालात, "मी मोजत नाही. तुमचा माणूस मोजू दे."

ओढ्यावर कुणीतरी कपडे आपटत होतं.

पाटील उठले. "मीच मोजतो," म्हणाले. म्हातारा काठी टेकत सरळ रानात उतरला, एकेका ओळीला काठी लावत पलीकडच्या बाजूपर्यंत गेला. मग तुमच्या सरळ रानात. परत आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा उतरला होता. "पाचास चार पडतंय," ते म्हणाले. "पाच हिस्से ओळी हितं, चार हिस्से तितं. पोरगी खरं बोलती."

मला वाटलं, संपलं. पण खरं भांडण पुढंच होतं. पाटलांनी विचारलं, "मग दौलत, कमी पडलं त्येवढं तुझ्या लगतच्या रानातनं दे. बांध सरकव. किती सरकवायचा, बाई?"

तुम्ही म्हणालात, "दोन दोर."

दौलतराव भडकले. "बघा! बघा हिची नियत! पाच दोराच्या जागी चार भरलं, म्हंजी एक दोर कमी. आन मागती दोन! ह्येच शिकवत्यात व्हय बुकात?"

पंचांची तोंडं बदलली. मघाशी तुमच्या बाजूला कललेले लोक आता एकमेकांकडं बघायला लागले. यांनी माझ्याकडं बघितलं, त्या नजरेत स्पष्ट होतं, घालवलं सगळं हिनं. आणि वन्सं, खरं सांगते, त्या क्षणी मलाही हिशेब लागत नव्हता. एक कमी तर दोन का? तुमचे ओठ हलत होते. तुम्ही मनात परत गुणाकार करत होता, हे फक्त मला कळलं.

मग तुम्ही पाटलांच्या घोंगडीजवळ गेलात. शेजारी कुणाच्या तरी गोवऱ्या वाळत घातल्या होत्या. आठ गोवऱ्या उचलून एका रांगेत मांडल्यात. "एवढं रान कमी आहे. आठ दोर लांब, एक दोर रुंद, एक पट्टी. ती ओढ्याकडच्या अंगाला मिळाली असती तर एकच दोर पुरला असता. पण तिकडं ओढा आहे. ती बाजूला, बांधाच्या पलीकडं बसवायची. तिथं रान सरळ मोजलं तर चारच दोर खोल आहे." आणि तुम्ही त्याच आठ गोवऱ्या उचलून चार-चारच्या दोन रांगा केल्यात. "आता किती रुंद झाली?"

पाटील वाकून बघत राहिले. एक गोवरी त्यांनी उचलून परत होती तिथं ठेवली. मग हसले. त्या सबंध दिवसात हसलेले ते पहिलेच. "दोन," म्हणाले. "दौलत, दोनच व्हत्यात रं."

बांध त्याच दिवशी सरकवायचा ठरला. दौलतराव स्वतः खणायला लागले, गड्याला हात लावू दिला नाही. सडकेच्या टोकाला दोन दोर मोजले. तुम्ही ओढ्याच्या टोकाला निघालात. मी विचारलं, आता कुठं? तुम्ही म्हणालात, "तिकडंही दोनच भरले पाहिजेत. दीड भरले तर बांध समांतर राहायचा नाही, रान परत आखूड." आणि त्या खुणेवर जाऊन उभ्या राहिलात. दौलतराव खणत खणत तुमच्यापर्यंत आले, कुदळ तुमच्या पायांपुढं पडत होती, माती तुमच्या लुगड्यावर उडत होती. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा बांध खुणेला येऊन मिळाला होता आणि तुम्ही पाय झटकत होता.

परत येताना पवनेत शिरल्यावर तुम्ही एकदम थांबलात आणि थरथरायला लागलात. गुडघाभर पाण्यात. यांना वाटलं थंडी वाजते. मी तुम्हाला धरून उभी राहिले. तेव्हा तुम्ही माझ्या कानाशी म्हणालात, "वहिनी, तुम्ही त्या दिवशी भांडला नसतात तर मला ओळी सुचल्या नसत्या." एवढं मोठं कौतुक मला कुणी केलं नाही. माझ्या माहेरच्यांनी नाही, यांनी नाही.

पुढची वर्षं सोपी गेली नाहीत. तुम्ही परीक्षा पास झालात, चाकणला मुलींच्या शाळेत लागलात, पण दर नांगरटीला छातीत धडधड सुरू व्हायची. दौलतराव नांगराचं एक तास, म्हणजे एक चर, बांधाच्या मातीला घासून घ्यायचे. तुम्ही दोर घेऊन जायच्या, दोन्ही टोकं मोजायच्या. ढेकूळ परत बांधावर चढायचं. कुणी कुणाशी बोलायचं नाही. मी कितीदा म्हटलं, एकट्या जाऊ नका. तुम्ही म्हणायच्या, "मोजायला दुसरं माणूस लागतं ते दोराचं टोक धरायला. ते टोक भाऊजी धरतात." मला ते ऐकून अंगावर काटा यायचा. तुम्हाला मात्र त्यात काही वाटत नव्हतं. शत्रूनं दोराचं टोक धरायचं आणि तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवायचा, हे मला आजही कळलेलं नाही.

आपलं शेवटचं भांडण कर्णावरून झालं, आठवतं? तुम्ही म्हणालात, समांतरभुज चौकोनाला कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत कापलं की दोन्ही तुकडे एकमेकांवर तंतोतंत बसतात. मी म्हटलं, शक्यच नाही. एकाचं तोंड इकडं, दुसऱ्याचं तिकडं, एक उलथा, एक पालथा. तुम्ही म्हणालात, फिरवून ठेवायचा. मी म्हटलं, फिरवलं तरी. तुम्हाला खोकला होता, बोलताना दम लागत होता, तरी तुम्ही उठून कात्री शोधायला लागलात. मी तुम्हाला निजवलं. "उद्या कापून दाखवते," म्हणालात.

त्या संध्याकाळी ताप चढला. छातीत कफ भरला. चिंचवडचे डॉक्टर आले, सुया झाल्या. पिंपरीला औषधाचा एवढा मोठा कारखाना उभा राहिलाय, आता माणसं अशी जात नाहीत, असं हे रात्रंदिवस मला समजावत होते. तुम्ही गेलात.

कागद आणि कात्री माझ्याकडं आहे. मी अजून कापलेला नाही. तुमचंच खरं निघणार, याची मला खात्री आहे. पण ते तुम्ही दाखवणार होता.

तुम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा ते रान परत दौलतरावांकडंच गेलं. यांनी हरकत घेतली नाही, घेण्यासारखं काही नव्हतंही. पण मी गप्प बसू शकले नाही. इतकं सगळं करून शेवटी त्याच्याच घशात, असं म्हणून मी यांच्यावर ओरडले, भांडी आपटली. मग परवा तुमचं थेरगावच्या घरातलं सामान आणायला हे निघाले तेव्हा मीही निघाले. यांनी नको म्हटलं. मी गेले. मला तो बांध मोडलेला बघायचा होता. बघून मनसोक्त शिव्या द्यायच्या होत्या.

सामान गाडीत चढलं आणि मी एकटीच ओढ्याकडं गेले. दौलतराव नांगरत होते. तुमच्याकडचं रान नांगरून झालं होतं, पलीकडचं त्यांचं चाललं होतं. बांध मध्ये होता. नुसता होता असं नाही, त्याच्यावर नवीन माती चढवली होती, कडेला दगड लावले होते. दोन्हीकडं नांगर हातभर अंतर ठेवून वळला होता. बांधाखाली जाते तेवढी जमीन फुकट जाते, शेतकऱ्याला हे कुणी सांगायला नको.

मी विचारलं, "आता सगळं तुमचंच आहे. मधला बांध कशाला ठेवलात?"

त्यांनी बैल थांबवले. म्हातारे झालेत, वन्सं. दाढी पांढरी झाली आहे. माझ्याकडं न बघता म्हणाले, "बरोबर जाग्यावर हाय त्यो."

बोलायला गेले असते तर रडले असते, आणि त्यांच्यासमोर मला रडायचं नव्हतं. मग तेच म्हणाले, "मला ठावं व्हतं. तिनं ओळी मोजायला लावल्या, त्येच्या आधीपास्नं ठावं व्हतं. पेरत मीच व्हतो न्हवं? त्या रानात बी कमी जायचं."

"मग कुदळ कशाला उगारलीत?"

"मोजलं तर कळंल म्हून."

बैलांनी शेपट्या हलवल्या. त्यांनी कासरा हातावर गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. "साल दर साल टोक धराया मीच असायचो," ते म्हणाले. "दर टायमाला वाटायचं, आता सांगावं. न्हाई झाला धीर."

मला संताप आला. इतकी वर्षं तुमच्या छातीत जी धडधड व्हायची, ती मी रात्री शेजारी झोपून ऐकली होती. मी म्हटलं, "हे तिच्यासमोर बोलायचं होतं. मला सांगून काय उपयोग?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"तुमी सांगा तिला," म्हणाले.

सांगितलं, वन्सं.